चौदा फेब्रुवारीचे फूल : प्रेमदिनाच्या गुलाबाच्या निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

दरवर्षी १४ फेब्रुवारीला लाल गुलाब देण्याची चाल आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही ती रुळली आहे. या चालीविषयी दोन समजुती सर्वत्र आढळतात. ती रोमन काळापासून चालत आलेली आहे, ही पहिली. आणि लाल गुलाबाचा अर्थ 'प्रेम' असा असल्यामुळेच त्याची या दिवसासाठी निवड झाली, ही दुसरी. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून या दोन्ही समजुती फेब्रुवारी आला की नव्याने छापल्या जातात. ऐतिहासिक साधने तपासली असता मात्र त्यांपैकी एकही टिकत नाही. उत्तर युरोपात फेब्रुवारी महिन्यात उघड्यावर गुलाब फुलत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्याविषयी शंका निर्माण करण्यास पुरेशी आहे. ज्या प्रदेशात हा दिवस रूढ झाला, त्या प्रदेशात त्या दिवशी जे फूल मिळतच नव्हते, ते त्या दिवसाचे प्राचीन प्रतीक कसे असू शकेल?

प्रेमिक फूल निवडतो, असे आपण मानतो. प्रत्यक्षात त्याच्यापुढे कोणती फुले ठेवली जावीत याची निवड त्याच्या आधीच झालेली असते, आणि ती ऋतू, टपाल, काचघर, आगगाडी व विमान यांनी केलेली असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या निवडीचा धागा शेवटी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या शेतीपर्यंत येऊन पोहोचतो; म्हणून हा विषय केवळ युरोपीय लोकाचाराचा राहत नाही.

फुलाविना प्रेमदिन

संत व्हॅलेंटाइनचा दिवस आणि प्रेम यांचा संबंध प्रथम स्पष्टपणे दिसतो तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या पक्ष्यांच्या संसदेवरील काव्यात. या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात, अशी तेथे कल्पना आहे. जॅक ओरुक या अभ्यासकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, चॉसरपूर्वी या संताचा प्रेमाशी संबंध जोडणारा पुरावा सापडत नाही. रोमन लोकांच्या लुपर्कालिया या फेब्रुवारीतील उत्सवातून हा दिवस निघाला, हे विधान वारंवार केले जाते. पण दोहोंना जोडणारा सलग दुवा कोणीही दाखवलेला नाही. खुद्द संताविषयीची माहितीही इतकी अपुरी आहे की, १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्याचा सण वगळला.

चॉसरच्या काव्यात पक्षी आहेत, वसंताची चाहूल आहे. पण प्रियकराने प्रेयसीला फूल द्यावे असा आचार नाही. पुढील तीन शतकांतही तो आढळत नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातील चौथ्या अंकाचा पाचवा प्रवेश या संदर्भात पाहण्याजोगा आहे. भ्रमिष्ट झालेली ऑफिलिया त्या प्रवेशात व्हॅलेंटाइनच्या दिवसाचे गाणे म्हणते आणि त्याच प्रवेशात पुढे रोजमेरी, पॅन्सी, बडीशेप, डेझी अशी वनस्पती-फुले प्रत्येकीचा अर्थ सुचवत वाटते. दिवस आहे, फुले आहेत, फुलांना अर्थही आहेत. परंतु नाटककाराने त्यांचा परस्परांशी काहीही संबंध जोडलेला नाही. त्याच्या प्रेक्षकांच्या मनातही तो नसावा.

सॅम्युएल पीप्स या लंडनच्या अधिकाऱ्याची रोजनिशी सतराव्या शतकाच्या सातव्या दशकाचे चित्र देते. चिठ्ठ्या टाकून किंवा सकाळी प्रथम दृष्टीस पडेल त्याला 'व्हॅलेंटाइन' ठरवण्याची तेव्हा पद्धत होती, आणि मग त्या व्यक्तीस भेट द्यावी लागे. पीप्सने १६६१ साली आपल्या व्हॅलेंटाइनसाठी एक भरतकामाचा व सहा साधे पांढरे असे हातमोज्यांचे जोड घेतले आणि त्यांवर चाळीस शिलिंग खर्च केले. व्हॅलेंटाइनच्या भेटीचा विषय निघाला की रोजनिशीत हातमोजे येतात, दागिने येतात. पदरचे पैसे मोजून घ्यावयाची ही वस्तू फूल असावी, ही कल्पना तेथे नाही.

फुलांची भाषा : कोश आणि व्यवहार

फुलांना ठरावीक अर्थ असतात आणि त्यांतून प्रेमाचा संदेश देता येतो, या कल्पनेचा उगम सामान्यतः तुर्कस्तानात दाखवला जातो. इस्तंबूल येथील ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १७१८ साली लिहिलेल्या एका पत्रात अशा सांकेतिक भेटींचे वर्णन केले. तिची ही पत्रे तिच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाली आणि युरोपभर वाचली गेली. परंतु येथे एक गैरसमज घडला. तिने वर्णिलेल्या तुर्की 'सलाम'मध्ये फुलांबरोबर मोती, लवंग, कागद, कोळसा अशा कोणत्याही वस्तू येत. आणि वस्तूचा अर्थ तिच्या गुणावरून ठरत नसून तिच्या नावाशी यमक जुळणाऱ्या ओळीवरून ठरत असे. ऑस्ट्रियन प्राच्यविद्यापंडित हामर-पुर्गस्टाल याने १८०९ च्या सुमारास हा यमकाचा मुद्दा स्पष्ट केला होता. पण तोवर 'पौर्वात्य अंतःपुरातील फुलांची गुप्त भाषा' ही मोहक कल्पना युरोपीय वाचकांच्या मनात घर करून बसली होती, आणि पंडितांच्या दुरुस्त्यांना अशा वेळी कोण विचारतो!

१८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने 'फुलांची भाषा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पाठोपाठ फ्रेंच, इंग्रजी व अमेरिकन प्रकाशकांनी असे पुष्पकोश मोठ्या प्रमाणावर काढले. सुबक बांधणीची, रंगीत चित्रांची ही पुस्तके मुख्यतः स्त्रियांना भेट देण्यासाठी असत. १८८४ चा केट ग्रीनअवे या चित्रकर्तीचा कोश त्यांतील सर्वांत परिचित होय. त्यात गुलाबाचा सर्वसाधारण अर्थ 'प्रेम' असा दिला आहे, हे खरे. परंतु गडद लाल गुलाबाचा अर्थ 'लाजरा संकोच', आणि पिवळ्याचा 'ओसरते प्रेम' व 'मत्सर' असा आहे. निळ्या व्हायोलेटचा अर्थ मात्र 'निष्ठा'. एका कोशातील अर्थ दुसऱ्यात हमखास जुळेलच असे नाही. दोघांच्या हाती दोन वेगळे कोश असते तर संदेशाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

बेव्हर्ली सीटन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या विषयाच्या इतिहासात असे म्हटले आहे की, लोकांनी या भाषेचा प्रत्यक्ष व्यवहारात उपयोग केल्याचा पुरावा फारच थोडा आहे. जॅक गुडी यांनीही फुलांच्या संस्कृतीवरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात या कोशांकडे ग्रंथव्यवसायाची निर्मिती म्हणून पाहिले. त्यामुळे 'गुलाबाचा अर्थ प्रेम होता, म्हणून तो निवडला गेला' हे विधान फार काळजीपूर्वक करावे लागते. कोशांत अर्थ शेकडो फुलांना होते. त्यांतील एकच फूल फेब्रुवारीत बाजारात का उरले, याचे उत्तर कोशात मिळत नाही.

हंगामाचे फूल : व्हायोलेट

ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीत पत्र पोहोचवण्याची टपालसेवा सुरू झाली आणि प्रेमदिनाचे रूप पालटले. चिठ्ठ्यांची जागा छापील कार्डांनी घेतली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावी एस्थर हाउलंड हिने १८४० च्या दशकाच्या अखेरीस कागदी लेस व रंगीत चित्रे लावलेली कार्डे तयार करण्याचा यशस्वी उद्योग उभारला. या कार्डांवर फुले होती, गुलाबही होते. पण ते छापलेले. प्रेमदिनाला गुलाब प्रथम मिळाला तो कागदावर, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

खरे फूल मागोमाग आले, आणि ते गुलाब नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी फेब्रुवारीत परवडणारे, सुवासिक आणि हंगामातले फूल म्हणजे व्हायोलेट. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यातील डॉलिश या गावाभोवती त्याची शेती वाढली. तेथील सौम्य हिवाळा आणि जवळून जाणारी आगगाडी या दोन्हींचा तीत वाटा होता. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या खोऱ्यातील राइनबेक या गावी काचघरांतून व्हायोलेटचे इतके उत्पादन होई की, त्या गावास व्हायोलेटची राजधानी म्हणत. लहान देठाच्या या फुलांची जुडी करून ती पोशाखावर छातीशी टाचण्याची पद्धत होती. पहिल्या महायुद्धानंतर पोशाखाची रीत बदलली, मजुरी वाढली, आणि वाकून एकेक फूल खुडण्याचे हे काम परवडेनासे झाले. व्हायोलेटचा अर्थ बदलला नव्हता. बदलले होते ते खुडणाऱ्याच्या मजुरीचे गणित.

याच्या उलट उदाहरण बार्सिलोनाचे. तेथे २३ एप्रिल या संत जॉर्जच्या दिवशी प्रेयसीला गुलाब देण्याची चाल शतकानुशतकांची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात त्याच दिवशी पुस्तक देण्याचीही रीत तिला जोडली गेली. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये गुलाब उघड्यावर बहरतो. तेथे सण आणि फूल यांची गाठ निसर्गानेच घालून दिली होती. उत्तरेकडील फेब्रुवारीत ती माणसाला घालावी लागली.

चीनचा गुलाब, काचघर आणि तार

ती घालण्याची सामग्री चीनमधून आली. युरोपातील जुने गुलाब, शरद ऋतूत दुसऱ्यांदा फुलणाऱ्या दमास्क गुलाबासारखे अपवाद सोडता, वर्षातून एकदाच उन्हाळ्याच्या तोंडी फुलत. चीनमध्ये मात्र वर्षभर फुलणारे गुलाब शतकांपासून बागांत होते. १७९२ ते १८२४ या काळात त्यांचे चार महत्त्वाचे वाण इंग्लंडमध्ये आले. त्यांतील किरमिजी वाणाने युरोपीय गुलाबांना एक खरा, न जांभळणारा लाल रंग दिला, आणि चिनी गुलाबांनी मिळून पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण दिला. हा गुण फुलोऱ्यास आवर घालणाऱ्या एका जनुकातील बिघाडामुळे येतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ल्योंच्या गियो याने १८६७ साली 'ला फ्रान्स' हा वाण प्रसिद्ध केला. आधुनिक 'हायब्रिड टी' गुलाबांचा आरंभ प्रथेने त्याच्यापासून मानतात. लांब ताठ दांडी, टोकाशी एकच टोकदार कळी, आणि छाटल्यावर पुन्हा फुटण्याची तयारी, हे आज सर्वांना परिचित असलेले गुलाबाचे रूप त्यातून घडले. चॉसर वा शेक्सपिअर यांनी असा गुलाब कधी पाहिला नव्हता.

वर्षभर फुलू शकणारे हे झाड काचघरात घालून त्यास उष्णता दिली की हिवाळ्यातही फूल मिळू लागले. पण ते फार महाग असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत 'अमेरिकन ब्यूटी' नावाने विकला गेलेला लांब दांडीचा गुलाब धनिकांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. गंमत अशी की तो मुळात १८७५ चा फ्रेंच वाण होता. अमेरिकेत त्याचे नाव बदलून त्याला नवा जन्म देण्यात आला. पुढे १९१० साली अमेरिकन पुष्पविक्रेत्यांनी तारेने मागणी कळवून दुसऱ्या शहरातील विक्रेत्यामार्फत फुले पोहोचवण्याची संघटना उभारली, आणि त्याच दशकात 'जे सांगायचे ते फुलांनी सांगा' अशा आशयाचे घोषवाक्य व्यवसायाने प्रचारात आणले. कोणत्याही गावच्या दुकानात हमखास असेल आणि नुसत्या नावाने मागवता येईल, असे फूल आता हवे होते. ठरावीक आकाराचा, डझनाने मोजता येणारा लाल गुलाब या व्यवहाराला नेमका बसला.

विषुववृत्ताकडे

काचघर तापवण्याचा खर्च हा या धंद्याचा कच्चा दुवा होता. १९६७ साली डेव्हिड चीव्हर या अमेरिकन विद्यार्थ्याने कोलोरॅडो येथील विद्यापीठात एक अभ्यास सादर केला. बोगोटा शहराभोवतीचे सुमारे २,६०० मीटर उंचीचे पठार, तेथील बारमाही सौम्य हवा आणि बारा तासांचा दिवस फुलशेतीस आदर्श आहे, असे त्याने त्यात दाखवले. १९६९ साली त्याने सहकाऱ्यांसह तेथे कंपनी काढली. १९९१ साली अमेरिकेने अँडीज पर्वतराजीतील देशांच्या मालावरील आयातशुल्क कायद्याने सवलतीचे केले. कोकाच्या लागवडीला पर्याय मिळावा हा त्यामागील हेतू होता. अमेरिकेतील काचघरांतले गुलाब त्यानंतर मागे पडत गेले. केनियातील नैवाशा सरोवराकाठी युरोपच्या बाजारासाठी असेच घडले. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस लाल गुलाब दिवसाच्या आत विमानाने येऊ लागला व सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. प्रवास सोसणाऱ्या, फुलदाणीत टिकणाऱ्या वाणांची निवड होत गेली. सुगंधाला त्या निवडीत अग्रक्रम नव्हता, हे कोणत्याही ग्राहकास नाकाने पडताळून पाहता येईल.

दख्खनचा फेब्रुवारी

भारतात फुले आणि प्रेम यांचे नाते सांगण्यासाठी परदेशी संताची गरज नव्हती. मदनाच्या पाच पुष्पबाणांत कमळ, अशोक, आम्रमोहर, नवमल्लिका आणि नीलकमळ येतात. गुलाब त्यांत नाही. सातव्या शतकातील हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेत मदनोत्सवाच्या दिवशी राणी वासवदत्ता रक्ताशोकाच्या तळाशी मदनाची पूजा करते. ही सारी त्या त्या ऋतूत हाताशी असणारी फुले आहेत. 'गुलाब' हा शब्दही फारसीतून आलेला. तेथे त्याचा अर्थ गुलाबपाणी असा होतो.

मराठी घरात फूल दिले जाई ते माळण्यासाठी. मोगऱ्याचा गजरा, शेवंतीची वेणी, कोकण-गोव्यात अबोली. नवऱ्याने संध्याकाळी घरी येताना पुड्यात बांधून आणलेला गजरा हे प्रेमाचे उघड बोलणे नसले तरी न कळण्यासारखेही नव्हते. परंतु या फुलाला सौभाग्याची मर्यादा होती. विधवेला ते वर्ज्य होते; आणि परक्या तरुणाने अविवाहित मुलीला गजरा देणे म्हणजे जवळजवळ नात्याची घोषणाच. महाविद्यालयीन तरुण-तरुणींना १९९० च्या दशकात गुलाब सोयीचा वाटला, त्याचे एक कारण येथे शोधता येईल. तो माळायचा नव्हता, हातात धरायचा होता. देवघराशी वा सौभाग्याशी त्याची गाठ नव्हती. घेणारी तो वहीत लपवू शकत होती, वा नाकारूही शकत होती. महाविद्यालयांतील 'रोझ डे'ने तर स्वतःचा कोशही तयार केला : लाल प्रेमाचा, पिवळा मैत्रीचा, पांढरा शांततेचा. ग्रीनअवेच्या कोशातील पिवळ्याचा मत्सर येथे कोणाच्या गावीही नव्हता. 'फक्त मैत्री' असे निर्धोकपणे सांगण्यासाठी एका रंगाची गरज होती, आणि ती पिवळ्याने भागवली.

उदारीकरणानंतर शुभेच्छापत्रे व उपग्रह वाहिन्या यांच्याबरोबर प्रेमदिन शहरांत पसरला, तसा विरोधही उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शिवसेनेसह काही संघटनांनी मुंबई व अन्य शहरांत निदर्शने केली, कार्डे जाळली. परकीय संस्कृतीचे आक्रमण असा आक्षेप होता. त्याच काळात पुण्याच्या आसपास निर्यातीसाठी गुलाबाची पॉलिहाऊस उभी राहत होती, आणि तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र क्षेत्र विकसित केले. दिवस आणि फूल या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्याने येथे एक महत्त्वाची बाब दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटली. युरोपात ज्या महिन्यात गुलाबाचा हंगाम नाही, त्या महिन्यात दख्खनच्या पठारावर तो असतो. स्वच्छ ऊन आणि गार रात्री यांमुळे हिवाळ्यात येथील साध्या परसातला गुलाबही चांगला फुलतो. चौदा फेब्रुवारी ही तारीख परकी खरी. परंतु त्या तारखेला गुलाब सहजपणे फुलणारी भूमी लंडन नसून मावळ आहे.

आरंभीच्या मोठ्या निर्यातप्रधान कंपन्यांपैकी अनेक तोट्यात गेल्या. व्याज, विमानभाडे, शीतसाखळीची उणीव अशी त्याची कारणे होती. धंदा टिकवला तो पुढे दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊस घातलेल्या शेतकऱ्यांनीही. रोपे बहुधा युरोपीय पैदासकारांच्या वाणांची. 'टॉप सीक्रेट' हा लाल वाण या भागात घरोघरी परिचित आहे. प्रेमदिनाचे फूल हवे असेल तर डिसेंबरच्या पूर्वार्धातच कटिंग घ्यावे लागते, कारण छाटलेल्या डोळ्यापासून तोडणीयोग्य कळी येण्यास साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. कळीवर जाळीची टोपी घालतात, म्हणजे ती आकार धरते व लवकर उमलत नाही. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात निर्यातीची तोडणी सुरू होते. फुले शीतगृहात गार करून दांडीच्या लांबीनुसार निवडली जातात व गड्ड्या बांधल्या जातात. परदेशी माल गेल्यावर दिल्ली, मुंबई, पुणे अशा देशी बाजारांची पाळी येते. सारा हिशेब थंडीवर अवलंबून असतो. थंडी लांबली तर कळी चार-सहा दिवस मागे राहते आणि पंधरा तारखेला तयार होते. जानेवारी उबदार गेला तर माल आधीच येऊन दर कोसळतो. बाजारात उभ्या असलेल्या प्रेमिकाला एका गुलाबाला जास्त का मोजावे लागतात, याचे उत्तर पुष्कळदा दलालाच्या लोभाइतकेच डिसेंबरच्या रात्रींतही असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा या निवडीची दुसरी बाजू उघडी पडली. प्रेमदिनाचा हंगाम नुकताच पार पडला होता आणि लग्नसराईसाठीचे फूल तयार होत होते. बाजार, मंदिरे, मंगल कार्यालये एका दिवसात बंद झाली. यंत्र बंद करता येते, तसे झाड बंद करता येत नाही. फूल दांडीवर उमलू दिले तर पुढचा फुटवा मागे पडतो व रोगही शिरतो. त्यामुळे ज्या फुलांना घेणारा नव्हता ती फुले तोडण्यासाठी शेतकऱ्यांना मजुरी मोजावी लागली, आणि तोडलेल्या गड्ड्या बांधाशेजारी खड्ड्यात टाकाव्या लागल्या.